एका गुंठ्यात पंचवीस माणसं

न्यूयॉर्क शहराच्या पूर्व भागात, आरोग्यखात्याच्या दप्तरात अकराव्या वॉर्डाचा ‘अ’ विभाग म्हणून नोंदलेला ३२ एकरांचा एक तुकडा होता. १८९४ साली भाड्याच्या इमारतींची पाहणी करणाऱ्या समितीनं तिथल्या वस्तीचा हिशेब काढला. एकरी ९८६ माणसं निघाली. ३२ एकरांत साडेएकतीस हजार.

त्यानंतर सोळा वर्षांनी, १९१० साली, औंध संस्थानात कुंडल रोड नावाच्या आडवळणाच्या रेल्वे स्टेशनाजवळ लक्ष्मणराव किर्लोस्करांनी एका माळावर कारखाना आणि वस्ती उभारायला घेतली. निवडुंग माजलेला, नागांचा सुळसुळाट असलेला तो माळ. तोही ३२ एकरच. तिथं राहायला आली २५ कामगारांची कुटुंबं.

क्षेत्र तेवढंच, काळही जवळपास तोच. दोन्हीकडे माणसं आली ती हाताला काम मिळेल म्हणून. एकीकडे साडेएकतीस हजार माणसं, दुसरीकडे पंचवीस चुली. औद्योगिक युगानं माणसाला राहायला जागा कशी दिली, हे समजून घ्यायचं तर या दोन बत्तीस एकरांच्या मधे जे जे उभं राहिलं ते मोजायला हवं. त्या मधल्या जागेत आपल्या सातारा-सांगलीची किती तरी घरं आहेत.

एकरी ९८६ म्हटलं की चित्र डोळ्यांपुढं उभं राहत नाही. आपल्याकडे जमीन गुंठ्यात कळते. वाटणी गुंठ्यांची, भावकीतला दावा गुंठ्याचा, घरासाठी जागा घ्यायची तीही गुंठ्यात. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, १,०८९ चौरस फूट. ऊस असला तर मोजक्या सऱ्यांतच संपणारी जागा. न्यूयॉर्कच्या त्या तुकड्यात अशा प्रत्येक गुंठ्यावर पंचवीस माणसं राहत होती, आणि त्या गुंठ्यांत रस्ते, अंगणं, दुकानं सगळं धरलेलं होतं. किर्लोस्करांच्या माळावर हिशेब उलटा होता. १,२८० गुंठ्यांत २५ घरं, म्हणजे कारखान्याची आणि मोकळी जागा धरून दर घरामागे ५१ गुंठे.

या लेखात पुढं सगळं गुंठ्यातच मोजू.

आधी शिकागो, कारण वाढीचा खरा कहर तिथं झाला. १८४० साली शिकागोत ४,४७० माणसं होती. आपल्याकडचं एखादं बाजाराचं गाव एवढं सहज असतं. १८९० साली तिथं १०,९९,८५० माणसं होती. पन्नास वर्षांत २४६ पट. मधे १८७१ साली मोठी आग लागली, सतरा हजारांवर इमारती राख झाल्या, लाखभर माणसं उघड्यावर आली, तरीही हा आकडा. पुढच्या दहा वर्षांत, १९०० पर्यंत, आणखी ५,९८,७२५ माणसांची भर पडली. रोज सरासरी १६४.

१९०१ च्या खानेसुमारीत सांगली शहराची लोकसंख्या १६,८२९ होती आणि साताऱ्याची, छावणी धरून, २६,०२२. म्हणजे शिकागो दर साडेतीन महिन्यांनी आपल्या पोटात एक अख्खी सांगली घेत होतं आणि सव्वापाच महिन्यांनी एक सातारा. सांगली म्हणजे तिथली पेठ, गणपतीचं देऊळ, हळदीचा बाजार, कृष्णेचा घाट, वाडे, शाळा. हे सगळं साडेतीन महिन्यांत नव्यानं उभं करायचं, की लगेच पुढची सांगली दारात हजर. असं सलग दहा वर्षं चाललं. हे ओळीनं आठवलं की मग उमगतं, तिथल्या इमारती अचानक उंच का झाल्या.

विटांच्या भिंतीवर उंच इमारत पेलायची तर खालची भिंत जाड करावी लागते. शिकागोतली १८९१ ची मोनॅडनॉक इमारत सोळा मजल्यांची आहे आणि तिच्या तळमजल्याच्या भिंती सहा फूट जाड आहेत. जिथं भाडं सगळ्यांत जास्त मिळतं, तिथंच भिंत जागा खाते. त्याआधी सहा वर्षं, १८८५ साली, विल्यम ल बॅरन जेनी यांनी होम इन्शुरन्स इमारतीत दुसरी वाट दाखवली होती. दहा मजले, १३८ फूट उंची, आणि भार पेलायला लोखंड-पोलादाचा सांगाडा. भिंत मुख्यतः आडोशाला. वाईच्या किंवा साताऱ्याच्या जुन्या वाड्यात वाढलेल्या माणसाला हे तत्त्व परकं वाटायला नको. वाड्यात भार लाकडी खांब, तुळया आणि खणांच्या चौकटीवरच असतो. मधल्या विटा पडल्या तरी माडी उभी राहते. शिकागोनं लाकडाच्या जागी पोलाद घातलं आणि चौकट आकाशात नेली.

पोलादाला जोड मिळाली लिफ्टची. एलिशा ओटिसनं दोर तुटला तरी न कोसळणारा पाळणा १८५० च्या दशकातच लोकांसमोर दाखवला होता. त्याआधी वरचा मजला म्हणजे गरिबाचा मजला, कारण चढायचं कष्टाचं. लिफ्ट आल्यावर वरचा मजला महाग झाला. ज्या इमारतीत लिफ्ट नाही तिची उंची माणसाचे गुडघे ठरवतात. म्हणून त्या काळच्या न्यूयॉर्कमधली कामगारांची घरं पाच-सहा मजल्यांवर थांबली आणि मुंबईच्या चाळी तीन-चार मजल्यांवर.

उंच इमारतींची वाखाणणी पुष्कळ झाली आहे. मला या सगळ्यातला मोठा आकडा वेगळा वाटतो. उंच इमारती कचेऱ्यांच्या होत्या. त्या बांधणारी आणि त्या शहराचं पोट चालवणारी माणसं कुठं झोपत होती? न्यूयॉर्कमध्ये त्यांची इमारत २५ फूट रुंद आणि १०० फूट लांब प्लॉटवर उभी असे. २,५०० चौरस फूट, म्हणजे सव्वादोन गुंठ्यांपेक्षा थोडं जास्त. त्यावर पाच-सहा मजले, दर मजल्याला चार बिऱ्हाडं. सव्वादोन गुंठ्यांत वीस ते चोवीस संसार. दोन इमारतींमध्ये उजेडवाऱ्यासाठी सोडलेली फट इतकी अरुंद की खालच्या खोल्यांत दिवसाही अंधार. १९०० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये अशा ऐंशी हजारांवर इमारती होत्या आणि तेवीस लाख माणसं, म्हणजे शहरातली दर तिघांतली दोन, त्यांत राहत होती. १९०१ साली कायदा झाला, नव्या इमारतींत उजेड, वारा आणि घरातच संडास सक्तीचे झाले. जुन्या इमारती मात्र पुढं कितीतरी वर्षं तशाच भरलेल्या राहिल्या.

१८९४ च्या त्या पाहणीत न्यूयॉर्कशी तुलना करायला जगातली दाट वस्तीची ठिकाणं शोधली गेली. युरोपात प्रागमधली एक वस्ती सापडली, तीही न्यूयॉर्कच्या निम्मी. न्यूयॉर्कच्या जवळ पोचणारी जागा निघाली मुंबईत. कुंभारवाडा, १८८१ च्या खानेसुमारीचा आकडा, एकरी ७६०. गुंठ्याला एकोणीस माणसं. न्यूयॉर्कच्या पंचवीसपेक्षा हा आकडा कमी दिसतो, पण न्यूयॉर्कची माणसं पाच-सहा मजल्यांत विभागलेली होती. मुंबईत मजले त्याहून कमी होते. जमिनीवरची गर्दी थोडी कमी, खोलीतली गर्दी जास्त. जग उंचीचे विक्रम मोजत होतं तेव्हा माणसांच्या दाटीत मुंबई जगातल्या पहिल्या ओळीत होती, आणि त्या दाटीत भर घालायला आपल्या गावातली पोरं निघाली होती.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. जुन्या कागदांत मुंबईतल्या कामगाराचा जिल्हा ‘सातारा’ लिहिलेला असतो, तेव्हा त्यात आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग येतो. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे सगळं तेव्हा साताऱ्यात होतं. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळं गिरणगावातला, म्हणजे मुंबईच्या कापडगिरण्यांच्या भागातला, ‘सातारी’ माणूस कऱ्हाडचा असेल, तसा बत्तीस शिराळ्याचाही असेल.

मुंबईत कावसजी दावर यांच्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी १८५४ साली निघाली. विसाव्या शतकाच्या तोंडावर गिरण्या ऐंशीच्या आसपास होत्या. १८९६ साली प्लेग आला, लाखो लोक गावाकडं पळाले आणि १९०१ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या ७,७६,००६ वर घसरली. दहा वर्षांत ती ९,७९,४४५ झाली, १९२१ साली ११,७५,९१४. वर्षाला वीस हजारांच्या आसपास भर, म्हणजे त्या काळची एक सांगली दर वर्षाला, तीही दोन दशकं. शिकागोच्या मानानं हा वेग कमीच. पण शिकागोच्या भोवती सपाट माळ पसरलेला होता. मुंबईला तीन बाजूंनी समुद्र.

आणि ही माणसं मुंबईची नव्हतीच. १९२१ साली मुंबईत राहणाऱ्या शंभरांतल्या ८४ जणांचा जन्म मुंबईबाहेरचा होता. कोकणातली होती, घाटावरची होती. त्यांची मुळं गावात, शेत गावात, बायकापोरं बहुतेकांची गावात. १९११ च्या खानेसुमारीनुसार मुंबईतली शंभरांतली सुमारे सत्तर माणसं एका खोलीच्या घरात राहत होती आणि अशा खोलीत सरासरी साडेचार माणसं होती. सरासरी हा शब्द इथं फार काही झाकतो. कुटुंब असलेल्या खोलीत पाच-सहा माणसं. पण गावातल्या एकट्या पुरुषांनी मिळून घेतलेल्या गाळ्यात तीस-चाळीस जणांच्या पेट्या भिंतीला लागलेल्या असत. पहिल्या पाळीचे कामाला गेले की रात्रपाळीचे त्याच जागेवर पथारी टाकत. जेवण खानावळवालीकडं, महिन्याच्या हिशेबानं. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकाही बहुधा गिरणी कामगारांच्याच घरातल्या, आणि दहा बाय बाराच्या खोलीत त्या वीस-पंचवीस जणांचा स्वयंपाक रांधत.

शिकागोच्या वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत पोलादी सांगाड्याचे नकाशे छापलेले असतात. त्या नकाशांच्या शेजारी गाळ्याचा नकाशा ठेवला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. त्यात भिंती चारच, पण तीच जागा दिवसातून दोनदा-तीनदा वापरली जाते. न्यूयॉर्कनं माणसं उंचीत रचली, मुंबईनं घड्याळातही रचली. गिरण्यांत विजेचे दिवे आल्यावर कामाचा दिवस लांबला, पुढं पाळ्या आल्या, आणि मग खोलीही गिरणीच्याच भोंग्यावर चालू लागली.

चाळीच्या दोन खोल्यांत काय काय मावतं, याचं मोठं उदाहरण साताऱ्याशीच जोडलेलं आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव रामजी आंबेडकर यांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झालं. पुढं हे कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत आलं. १९१२ ते १९३४ या काळात बाबासाहेबांचं बिऱ्हाड परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या पहिल्या नंबरच्या चाळीत, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत होतं. कोलंबिया विद्यापीठ, लंडन, महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा, हे सगळं या दोन खोल्यांच्या पत्त्यावरून झालं. नंतर दादरला ‘राजगृह’ बांधलं ते मुख्यतः पुस्तकांना जागा हवी म्हणून. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे लहानपणी वडिलांबरोबर पायी चालत मुंबईला आले. त्यांना तर चाळीतली खोलीही टिकाऊ मिळाली नाही. घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत त्यांनी वर्षानुवर्षं काढली आणि तिथंच लिहिलं.

प्लेगनंतर सरकारला जाग आली होती. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, वस्त्या पाडून रुंद रस्ते झाले, पण पाडल्या तेवढ्या खोल्या काही बांधून झाल्या नाहीत. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झालं. त्याचंच लघुरूप बीडीडी. पैसा उभा करायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवला. बेत होता ६२५ चाळींचा, ५०,००० खोल्यांचा. एवढ्या खोल्या एकदम बांधायचं धाडस तोवर या देशात कुणी केलं नव्हतं. बांधकाम सिमेंट काँक्रीटचं, सगळीकडे एकच नमुना. मधे बोळ, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, तळमजला आणि वर तीन मजले. दर चाळीत ८० खोल्या, दर खोली १६० चौरस फूट, नळ-संडास सामाईक.

प्रत्यक्षात उभ्या राहिल्या २०७ चाळी. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२, शिवडीला १२. एकूण १६,५६० खोल्या. बेताच्या एक-तृतीयांश. आणि तरीही त्यांतल्या हजारो खोल्या सुरुवातीची काही वर्षं रिकाम्या पडून होत्या, कारण भाडं कामगाराला झेपत नव्हतं आणि वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब वाटत होती. सरकारनं खोल्या मोजल्या, कामगाराचा पगार मोजला नाही. माझ्या मते या सगळ्या योजनेतली सगळ्यांत मोठी चूक हीच होती. त्याच वरळीच्या चाळींचा सत्याग्रहाच्या काळात काही दिवस तुरुंग म्हणून उपयोग झाला.

१६० चौरस फूट म्हणजे गुंठ्याचा जेमतेम सातवा हिस्सा. एका गुंठ्यात पावणेसात खोल्या. चार मजले धरले तर सत्तावीस, आणि घरटी पाच माणसं धरली तर एका गुंठ्याच्या जमिनीवर १३५ माणसं. (बोळ, जिने आणि चाळींमधली मोकळी जागा यात धरलेली नाही. ती धरली की आकडा बराच उतरतो.) सगळ्या १६,५६० खोल्या एकाशेजारी एक जमिनीवर मांडल्या तर २६ लाख ४९ हजार ६०० चौरस फूट होतात. ६१ एकरही भरत नाहीत. ८० हजारांवर माणसांचे संसार, बाळंतपणं, आजारपणं, लग्नं, भजनं आणि अभ्यास, हे सगळं मिळून किर्लोस्करांच्या माळाच्या दुपटीपेक्षा कमी जागेत.

आता त्या माळाकडं वळू.

लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. हक्काची बढती डावलली गेली म्हणून नोकरी सोडून ते बेळगावला आले. तिथं सायकलींचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. लोखंडी नांगरानं जमीन नासते अशी समजूत होती, पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. १९१० साली बेळगावच्या कारखान्याची जागा सोडायची वेळ आली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोडची जमीन दाखवली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले, बिनव्याजी. मुंबई पाहिलेल्या, मुंबईत राहिलेल्या माणसानं कारखाना मुंबईला न नेता या माळावर आणला, ही साधी गोष्ट नव्हे. पाणी नाही, रस्ता नाही, दुकान नाही. जवळ फक्त रेल्वेची पट्टी.

कारखान्याबरोबर पहिल्यापासून घरं बांधली गेली. कामगार आणि मालक एकाच वस्तीत. रात्रीच्या राखणीला तुरुंगवास भोगून आलेल्यांना घेतलं. त्यांच्यावर विश्वास टाकला आणि तो विश्वास फळाला आला. १९२० साली याच माळावरून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघू लागलं, पुढं १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’. महाराष्ट्रभर वाचली जाणारी तीन मासिकं, आणि तीही नांगर आणि पंप बनवणाऱ्या वस्तीतून. शेजारच्या सातारा मुलखात कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी १९१६ साली काचकारखाना काढला. त्याच्याभोवती ओगलेवाडी वसली, आणि तिथला ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत गेला. म्हणजे माणसं मुंबईला लोटायची की कारखाना माणसांकडे आणायचा, या प्रश्नाची दोन्ही उत्तरं आपल्याच मुलखात एकाच वेळी लिहिली जात होती.

अमेरिकेतही हे दुसरं उत्तर शोधून पाहिलं गेलं होतं. जॉर्ज पुलमन या रेल्वेडब्यांच्या कारखानदारानं १८८० साली शिकागोच्या दक्षिणेला चार हजार एकर जमीन घेऊन स्वतःच्या नावाचं गाव वसवलं. हजारावर पक्की विटांची घरं, बाग, बाजार, वाचनालय, नाटकगृह. जगभरातून लोक ते पाहायला येत. १८९३ साली मंदी आली, पुलमननं पगार कापले आणि घरभाडं मात्र तेवढंच ठेवलं. १८९४ साली संप झाला, तो रेल्वेमार्गांवर देशभर पसरला, सैन्य आलं, माणसं मेली. १८९८ साली इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानं कंपनीला ती घरं विकायला लावली. भिंत कितीही देखणी असली तरी मालक आणि घरमालक एकच झाला, की नोकरीबरोबर छप्परही जातं. कुंडल रोडच्या माळावरची ती वस्ती, किर्लोस्करवाडी, टिकली ती, माझ्या समजुतीनं, आकारानं लहान होती म्हणून आणि मालक त्याच माळावर राहत होता म्हणून.

पण लहान असण्याची किंमतही आकड्यातच सांगायला हवी, नाहीतर हा लेख नुसतं कौतुक होईल. समजा मुंबईनं किर्लोस्करवाडीचा पहिल्या दिवसाचा नमुना उचलला असता. २५ कुटुंबांना ३२ एकर, तर बीडीडीच्या १६,५६० कुटुंबांना २१,१९७ एकर लागले असते. त्या काळचं सगळं मुंबई बेट बावीस चौरस मैलांच्या आसपास होतं, म्हणजे साधारण चौदा हजार एकर. गिरण्या, गोद्या, मलबार हिल, रस्ते, स्मशानं, सगळं पुसून टाकलं असतं तरी फक्त बीडीडीवाल्यांनाच बेट पुरलं नसतं. म्हणजे मुंबईत ते शक्यच नव्हतं. शक्य होतं ते एवढंच, की अशा वाड्या आणखी शेकडो व्हायला हव्या होत्या. त्या बोटांवर मोजण्याइतक्याच झाल्या.

मुंबईला गेलेल्या माणसानं गाव सोडलं नाही. मनीऑर्डर येत राहिली. खटाव-माणमध्ये, पाटणच्या खोऱ्यात, शिराळ्याच्या डोंगरकपारीत जुन्या माळवदांच्या आणि गवती छपरांच्या जागी मंगलोरी कौलं चढली, ती पुष्कळदा गिरणीच्या पगारावर. गिरणगावचा वास्तुइतिहास मुंबईतल्या चाळींबरोबर संपत नाही, तो या कौलांपर्यंत येतो. गुंठ्याच्या सातव्या हिश्श्यात राहून त्या माणसानं गावाकडं चार खणांचं घर बांधलं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत नेते, संपात अडीच लाख कामगार. गिरण्या पुन्हा पूर्ववत कधीच झाल्या नाहीत. मागं राहिली ती जमीन, सुमारे ६०० एकर, म्हणजे २४ हजार गुंठे, मुंबईच्या मध्यावर. १९९१ च्या नियमानुसार गिरणीची जमीन विकसित करताना तिचे तीन वाटे व्हायचे होते. एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती राहिली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं तो बदल कायम केला. गिरणीचं बांधकाम ज्या जमिनीवर उभं होतं ती वाटणीतून सुटली. ज्या श्रीनिवास मिलमध्ये साचे चालत होते तिथं आज २८० मीटरचा मनोरा उभा आहे, शिकागोच्या होम इन्शुरन्स इमारतीच्या साडेसहा पट उंच.

गिरणी कामगार आणि त्यांच्या वारसांचे घरासाठी आलेले अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात आहेत. आजवर घरं मिळाली ती पंधरा-सोळा हजारांच्या आसपास, बरीचशी २२५ चौरस फुटांची. सहाशे एकरांचा एक-तृतीयांश म्हणजे दोनशे एकर, ८७ लाख १२ हजार चौरस फूट. घर ५०० चौरस फुटांचं धरलं, जिने-लिफ्ट सोडले, निम्मी जागा मोकळी ठेवली आणि निम्म्या जागेवर वीस मजले बांधले, तर १,७४,२४० घरं होतात. अर्ज साधारण तेवढेच आहेत. जमीन पुरत नव्हती, असं कुणी सांगितलं तर हा हिशेब त्यांच्यापुढं ठेवावा. त्याऐवजी कामगारांना मुंबईपासून दूर शेलू-वांगणीला घरं देण्याचा बेत निघाला, आणि त्याला कामगारांनी विरोध केला. तो रास्तच आहे.

वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी आता चाळीस मजली इमारती उभ्या राहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षांत गुंठ्याचा सातवा हिस्सा निम्म्या गुंठ्याच्या जवळ आला. शंभर वर्षं फार झाली, तरी ही घरं त्याच जागेवर मिळाली, हे मोठं आहे.

१ जानेवारी १९८२ रोजी ज्यांचं नाव गिरणीच्या पटावर होतं त्यांना किंवा त्यांच्या वारसांना घराचा हक्क आहे. त्यांतले कितीतरी आज सातारा-सांगलीच्या गावांत आहेत, आणि बरेच थकले आहेत. तुमच्या घरी माळ्यावर जुनी पत्र्याची पेटी असेल तर ती उघडा. तिकीट नंबर असलेला बिल्ला, हजेरी कार्ड, पगाराची चिठ्ठी, प्रॉव्हिडंट फंडाची पावती, ईएसआयचं कार्ड, यातलं काहीही निघालं तर ते जपा, त्याच्या प्रती काढा आणि पात्रतेच्या पडताळणीत दाखल करा.